डाबोडी

शुक्रवारी बाजारात, जुन्या कुलपांच्या ढिगाशेजारी
तो पालथा पडला होता,
गंजलेलं पातं तोंडात धरून.
दोनशे म्हणाला. मी दीडशे म्हटलं.
एकशे साठला सुटला, वर एक निहाण फुकट,
मुठीला चीर गेलेलं.

रिक्षात मांडीवर घेऊन बसले.
रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.
सदुसष्टाव्या वर्षी बाई बाजारातून
वांगी आणते, फार तर पितळेचा डबा.

पाचर निघेना. तीन दिवस मी पाचरीवरच ठोकत होते.
शेवटी कोपऱ्यावर जयंतीभाई मेवाड्यांकडे नेला.
त्यांच्या दुकानात आता प्लायवूड, सनमायका
आणि किंचाळणारी यंत्रं.
त्यांनी यंत्र बंद केलं,
रंधा तळहातावर तोलला,
मागच्या टोकावर मोगरीचा एकच टोला –
पाचर ढिली, पातं ढिलं,
आणि आत अडकलेली एक छिलपी
बाहेर आली, कुरळी, मधाच्या रंगाची.
कुणाच्या तरी शेवटच्या कामाची.
ती त्यांनी खिशात टाकली, पेन्सिलीच्या मागे.
मी मागितली नाही.

मग लाकडावरून अंगठा फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला.
"बेन, आ तो डाबोडीनो रंधो छे."

खरंच की. उजव्या गालावर अंगठ्याचा खळगा,
डावीकडे चार बोटांच्या पुसट पन्हाळी.
मी सवयीने उजवा हात ठेवला:
बोटं भलत्याच जागी, अंगठा उपरा.
मग डावा ठेवला.

तिसरीत चौबळबाई माझा डावा हात
बाकाच्या फळीला रिबिनीने बांधायच्या.
लाल रिबीन, गाठ सैल. मारलं कधीच नाही.
घरी प्रसाद घेताना, कुंकू लावताना
आईचे डोळे नुसते वळायचे
आणि मी हात बदलायची.
पुढे औषधांच्या कंपनीत एकतीस वर्षं टायट्रेशन.
तिथे मात्र ब्युरेटची तोटी डाव्यानेच फिरवायची,
उजव्याने चंबू हलवायचा, असा नियमच होता.
थेंब, थेंब, गुलाबी छटा येईपर्यंत.
तेवढीच त्याची हजेरी लागायची.

रंध्यावर नाव नाही.
टाचेवर खिळ्याने ठोकलेली दोन टिंबं.
जयंतीभाई म्हणाले, हत्यारांची वाटणी झाली असेल,
दोन टिंबं म्हणजे धाकटा भाऊ.
असेल. किंवा दोन रुपये. किंवा नुसतीच टिंबं.

पात्याला महिना गेला. निसण्यावर तेल,
पुन्हा निसणा, पुन्हा तेल,
बोटांची टोकं काळी, भाकरीला लोखंडाचा वास.
वरच्या मजल्यावरून हंसाबेन रोज विचारायच्या,
थयुं? मी म्हणायची, ना.
एका दुपारी मनगटावरची लव
पात्याने अलगद उतरली,
तेव्हा मी वर जाऊन त्यांना हात दाखवला.

माळ्यावर खाटेची एक सागवानी फळी होती.
पहिल्या हाताला रेघ उलटी लागली,
लाकूड ओरबाडलं गेलं.
फळी फिरवली. पाय रोवले.
आणि खर्र नाही, चर्र नाही,
नवं रेशीम घडीतून काढताना येतो
तसा आवाज,
फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड.
डाव्या हाताने मागून रेटलं,
उजवा नुसता पुढे धरून होता, पाहुण्यासारखा.

त्या फळीचा पाट केलाय. एक पट्टी तिरकी बसली,
फरशीवर डुगडुगतो.
खाली लग्नपत्रिकेची घडी सारली आहे.

काल रात्री त्यावर बसून जेवले. उजव्यानेच.
इतकंही काही बदलत नाही माणूस.
डावा मांडीवर पडून होता,
सागाचा वास येत होता त्याला.